मुरुडला निघण्याआधी: ओपनसीपीएनची तयारी

ओपनसीपीएन म्हणजे समुद्राच्या नकाशावर आपली होडी दाखवणारा प्रोग्रॅम. फुकट मिळतं, विंडोज, मॅक, लिनक्स, अगदी रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावरही चालतं. समुद्राचे नकाशे मात्र त्याच्यासोबत येत नाहीत. पहिल्यांदा उघडलं की जबाबदारी झटकणारी एक चौकट येते, ती मान्य केली की पाणी आणि जमीन दिसते, आणि नवशिक्याला वाटतं झालं काम. तो नुसता ढोबळ किनारा असतो. त्यात ना खोलीचा आकडा, ना खडक. खाली जे सांगतोय ते मुंबई ते मुरुड-जंजिरा धरून: चाळीसेक सागरी मैल, पाच नॉटने आठ तास. आणि यातलं सगळं जेट्टीला दोर बांधलेला असतानाच उरकायचं.

सगळ्यात आधी नकाशे, कारण वेळ आणि पैसा तिथेच जातो. इंटरनेटवरचे बहुतेक धडे अमेरिकेतल्या लोकांचे. त्यांना नोआ ही त्यांची सरकारी संस्था सगळे नकाशे फुकट देते. आपल्या किनाऱ्याचे अधिकृत नकाशे डेहराडूनचं नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिस काढतं. त्यातले इलेक्ट्रॉनिक नकाशे एस-६३ या पद्धतीने कुलूपबंद येतात; परमिट विकत घ्यावं लागतं, त्याला मुदत असते आणि ओपनसीपीएनमध्ये त्यासाठी वेगळं प्लगइन बसवावं लागतं. हे आदल्या रात्री होणारं काम नव्हे, महिनाभर आधी हात घाला. तोवर सराव म्हणून नोआचा एखादा नकाशा उतरवून घरी खेळत बसा. पेन ड्राइव्हवरून फिरणाऱ्या जुन्या 'सगळ्या जगाच्या' नकाशांच्या नादी मात्र लागू नका. ते कधीचे आहेत ते देणाऱ्यालाही माहीत नसतं.

मग जीपीएस. यूएसबीचं छोटं रिसीव्हर पुरतं. सेटिंगमधल्या कनेक्शन्समध्ये त्याचा पोर्ट निवडायचा, बॉड रेट, म्हणजे माहिती येण्याचा वेग, बहुधा ४८००. सिग्नल मिळेपर्यंत पडद्यावरची आपली होडी करडी असते, मिळाला की लाल होते. माझी पहिल्याच खेपेला अलिबागजवळच्या खांदेरी बेटाच्या अलीकडे करडी झाली. कोणीतरी मोबाइल चार्ज करायला रिसीव्हर काढून दुसऱ्या खाचेत घातलं होतं, आणि विंडोजने त्याला लगेच नवा पोर्ट नंबर दिला. आता त्या खाचेभोवती बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका आहे. दुसरी गंमत, रिसीव्हर लावूनच लॅपटॉप सुरू केला तर कधी कधी विंडोज त्याला माउस समजतो आणि कर्सर भूत शिरल्यासारखा उड्या मारतो. म्हणून आधी लॅपटॉप सुरू, मग रिसीव्हर.

विजेचा हिशेब कागदावर मांडा. ४५ वॉटचा लॅपटॉप १२ व्होल्टवर चारेक अँपिअर ओढतो, म्हणजे आठ तासांत तीस-बत्तीस अँपिअर-तास. शंभर अँपिअर-तासांची लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसते, आणि इंजिन सुरू करायलाही काही उरलं पाहिजे. रास्पबेरी पाय आणि छोटा पडदा यात फार स्वस्त पडतो.

मार्ग आखताना खांदेरीच्या बाहेरून, पश्चिमेकडून ठेवा. शेजारच्या उंदेरी बेटाच्या आत शिरून वेळ वाचवायचा मोह नको. आखून झाला की पूर्ण मार्ग जवळून, झूम करून, बोट ठेवून तपासा. व्हेक्टर नकाशात लांबून पाहिलं की बारीक खडक गायब होतात. २०१४ साली व्होल्व्हो ओशन रेसमधली टीम वेस्टास विंड मॉरिशसच्या ईशान्येला कारगाडोस काराजोसच्या खडकांवर अशीच चढली. पट्टीचे दर्यावर्दी, महागडी यंत्रं, पण झूम पुरेसा केलेला नव्हता. नकाशाच्या सेटिंगमध्ये सेफ्टी डेप्थ आपल्या होडीच्या बुडीपेक्षा, म्हणजे होडी पाण्याखाली जितकी असते त्यापेक्षा, चांगली जास्त भरा. आमची बुडी दीड मीटर, मी तीन लावतो. खोलीचं एकक मीटरच आहे ना तेही बघा. धक्क्यावर तांडेल अजून वावात बोलतात, आणि एक वाव म्हणजे जवळपास १.८ मीटर.

भरती प्रोग्रॅममध्ये दिसते, तरी तिथीशी ताडून पाहा. तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या भरतीची वेळ साधारण निघते: एकादशीला सव्वाआठ. पडद्यावर पावणेतीन दिसलं तर समजा घड्याळ यूटीसीवर, म्हणजे ग्रीनिचच्या जागतिक वेळेवर राहिलंय. साडेपाच तासांचा हा घोळ मला पंचांगानेच पकडून दिला.

आसपासच्या जहाजांची जागा रेडिओवरून पकडणारं एआयएस रिसीव्हर असेल तर त्याचा बॉड रेट वेगळा, ३८४००. मुंबई बंदराच्या तोंडाशी मालवाहू जहाज पंधरा मिनिटांत एका मैलाच्या आत येणार असेल तर धोक्याची सूचना मिळेल असं लावा. पण मासेमारीच्या कितीतरी होड्या एआयएसवर दिसतच नाहीत, आणि डोल जाळ्यांचे खुंट नि बोये कुठल्या नकाशात शोधणार? १ जून ते ३१ जुलैची बंदी उठली की पाणी जाळ्यांनी भरतं. तिथे पुढे बसलेला माणूस लागतो, लॅपटॉप नाही.

मार्ग जीपीएक्स फाइलमध्ये काढून मोबाइलवर घ्या, वळणांचे अक्षांश-रेखांश वहीत लिहा. व्हीएचएफ रेडिओ चॅनल १६ वर लावलेला, तटरक्षक दलाचा १५५४ नंबर वहीच्या पहिल्या पानावर.

राहिला नांगर. तो टाकला त्याच जागी खूण करा आणि खुणेच्या नावात इंग्रजी आकड्यांत फक्त चाळीस लिहा. अँकर वॉच त्या नावालाच मीटर समजतो आणि होडी तेवढ्याबाहेर सरकली की कोकलतो. लॅपटॉपचा आवाज बंद नाही ना, ते झोपण्याआधी बघा.