मोठा अल्टरनेटर बसवल्यावर चार्जिंग व्होल्टेज तपासताना या चुका टाळा

रात्री रोटाव्हेटर चालवण्यासाठी ट्रॅक्टरला चार फ्लडलाइट जोडले, किंवा पिकअपवर मोठे दिवे आणि साउंड चढवला, की मूळ अल्टरनेटर (इंजिनच्या पट्ट्यावर फिरून वीज तयार करणारे यंत्र) अपुरा पडू लागतो आणि मग 35 किंवा 45 अँपिअरच्या जागी 90 अँपिअरचा बसवून घेतला जातो. बसवण्याचे काम तासा-दोन तासांत उरकते. चुका होतात त्या त्यानंतर, मल्टिमीटर हातात घेतल्यावर.

माझ्याही हातून तशी चूक झाली आहे. पिकअपला नवा अल्टरनेटर बसवल्यावर मी भरदुपारी, एकही दिवा न लावता, बॅटरीवर मीटर धरले, 14.2 व्होल्ट दिसले आणि मी समाधानाने बॉनेट लावून टाकले. दोनच दिवसांनी कापूस घेऊन हिंगणघाटला जिनिंगच्या रांगेत उभा असताना दिवे पिवळे पडत गेले, पहाटे सेल्फ लागेना, आणि मागच्या गाडीवाल्यांना झोपेतून उठवून धक्का मारायला लावावा लागला. लोड नसताना घेतलेले रीडिंग रेग्युलेटर, म्हणजे अल्टरनेटरचे व्होल्टेज ताब्यात ठेवणारा भाग, ठीक असल्याचे सांगते. तारा, अर्थिंग (बॉडी-चेसिसमधून बॅटरीच्या मायनसकडे करंट परतण्याची वाट) आणि पट्टा यांविषयी ते जवळजवळ काहीच सांगत नाही.

त्याआधीची एक पायरी बहुतेक जण गाळतात. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, इंजिन सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे व्होल्टेज पाहावे. पूर्ण भरलेली बॅटरी 12.6 ते 12.7 दाखवते आणि 12.2 च्या आसपास ती निम्मी रिकामी असते. अशी उपाशी बॅटरी सुरुवातीला भरपूर करंट ओढते, त्यामुळे चांगला अल्टरनेटर असूनही रीडिंग कमी येते आणि दोष उगाच नव्या मालावर जातो. बॅटरी आधी बाहेरच्या चार्जरवर भरून घ्यावी, मगच पुढची तपासणी करावी.

खरी तपासणी लोडवरच होते. इंजिन 1500 ते 2000 आरपीएमवर ठेवून हेडलाइट, ब्लोअर आणि नंतर जोडलेले सगळे दिवे पाच मिनिटे चालू ठेवावेत, आणि मीटरची टोके क्लॅम्पवर न टेकवता थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर टेकवावीत. रीडिंग साडेतेराच्या वर टिकले पाहिजे. गाडी मंद चालीवर असताना ते थोडे खाली येणे स्वाभाविक आहे, कारण 90 अँपिअर हा आकडा वेगाने फिरणाऱ्या अल्टरनेटरचा असतो आणि मंद चालीवर तो त्याहून बराच कमी करंट देतो.

माझ्या गाडीत लोडवर 13.1 आले. आमच्या गावच्या वायरमनने त्यावर विचारले, “भाऊ, बॅटरी बाराची हाय, मंग तेरा कायले कमी पडते?” प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. बाराची म्हटली जाणारी बॅटरी सहा सेलची असते आणि ती भरायची तर साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट लागतात, 13.1 वर ती जेमतेम तग धरते, भरत नाही. मग आम्ही मीटरचे एक टोक अल्टरनेटरच्या मुख्य बोल्टवर आणि दुसरे त्याच्याच बॉडीवर धरले, तर तेथे 14.1 होते. एक पूर्ण व्होल्ट वाटेत हरवत होता. तो कोठे हरवतो हे शोधणे सोपे आहे: सगळा लोड चालू ठेवून एक टोक अल्टरनेटरच्या बोल्टवर आणि दुसरे बॅटरीच्या प्लसवर धरले की तारेतली घट थेट दिसते, आणि अल्टरनेटरची बॉडी व बॅटरीचे मायनस यांमध्ये धरले की अर्थिंगची. प्लसकडे 0.4 निघाले, अर्थिंगकडे 0.6. ही घट प्लसकडे 0.3 च्या आणि अर्थिंगकडे 0.2 च्या आत असावी.

प्लसकडचे कारण जुनी तार होती. सहा चौरस मिलिमीटरच्या दोन मीटर तांब्याच्या तारेत 60 अँपिअर वाहू लागले की जवळपास 0.37 व्होल्ट तेथेच खर्च होतात. पंचवीस चौरस मिलिमीटरच्या तारेत हाच खर्च 0.1 च्या खाली येतो. नव्या तारेला तिला साजेसा फ्यूज हवाच, आणि हे काम बॅटरीचे मायनस काढूनच करावे. अर्थिंगची गंमत वेगळी होती: नव्या ब्रॅकेटचा जाड रंग तसाच ठेवून बोल्ट आवळले होते, आणि इंजिनपासून चेसिसकडे जाणाऱ्या पट्टीवर काळ्या मातीचा थर वाळून त्याखाली गंज चढला होता. पॉलिश पेपरने दोन्ही ठिकाणे लखलखीत केल्यावर लोडवरचे रीडिंग 13.8 झाले.

लोड देताच व्होल्टेज पडून पट्टा किंचाळत असेल तर तारा तपासण्याआधी पट्टा ताणावा. जुना, गुळगुळीत झालेला पट्टा मोठ्या अल्टरनेटरला फिरवू शकत नाही.

विदर्भात एक चूक खास उन्हाळ्यातली आहे. सकाळी 14.4 दाखवणारी गाडी मे महिन्याच्या पंचेचाळीस अंशांत, तापलेल्या बॉनेटखाली 13.9 दाखवते, आणि लोक रेग्युलेटर बदलायला धावतात. वास्तविक गरम बॅटरीला कमी व्होल्टेज लागते, म्हणून अनेक रेग्युलेटर उष्णतेबरोबर ते मुद्दामच कमी करतात. याउलट, त्या उन्हात सतत 14.8 च्या वर राहणारे रीडिंग बॅटरीतले पाणी आटवून टाकते. तेथे मात्र रेग्युलेटर तपासायला उशीर करू नये.

तरीही 15 च्या पुढचा आकडा दिसला तर आधी मीटरमधला नऊ व्होल्टचा सेल बदलून पाहावा. स्वस्त डिजिटल मीटर सेल उतरल्यावर चढे आकडे दाखवतात, आणि त्यावर विश्वास ठेवून मी एक चांगला अल्टरनेटर परत करायला निघालो होतो. तसेच, चालू इंजिनवर बॅटरीची तार काढून “डायनामो चालतो का” हे पाहण्याची जुनी सवय पूर्णपणे सोडावी. लोड एकदम तुटला की व्होल्टेज क्षणभर उसळते, आणि त्या क्षणात नव्या अल्टरनेटरचे डायोड किंवा गाडीचा ईसीएम (इंजिन सांभाळणारा संगणक) जाऊ शकतो.