काळ्या बॉनेटवरचे गोल ओरखडे : रोटरी आणि वूल पॅड

कोथरूडमधल्या सोसायटीतली काळी सेडान. रोज कोरड्या फडक्याने धूळ पुसून बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे, शिवाय बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग. ओरखडे काढायला रोटरी, म्हणजे गोल फिरणारं पॉलिशिंग मशीन, आणि त्यावर वूल, म्हणजे लोकरीचं पॅड.

आधी शाम्पूने धुतली, मग क्ले बार, म्हणजे रंगाला चिकटलेले कण ओढून काढणारी मऊ वडी, फिरवला. ही पायरी टाळली की चिकटलेले कण वूलमध्ये अडकून नवे ओरखडे उठतात. पॅनलच्या कडांवर आणि काळ्या प्लास्टिकवर मास्किंग टेप लावला. कडेला रंगाचा थर पातळ. तिथे वूल बघता बघता प्रायमर, म्हणजे रंगाखालचा थर, दाखवतं.

दीड-दोन फुटांचा चौकोन, वाटाण्याएवढे कंपाउंडचे, म्हणजे ओरखडे घासून काढणाऱ्या पेस्टचे, चार ठिपके. ६०० आरपीएमवर पसरवून १२०० ते १४०० वर नेलं. पॅड सपाट, हात संथ, दाब मशीनच्या वजनाचाच. मधूनमधून पत्र्याला हात लावायचा. चटका बसला तर थांबायचं. बंपर प्लास्टिकचा, त्यातली उष्णता लवकर निघत नाही, म्हणून तिथे वूल लावलंच नाही. एप्रिलच्या उन्हात तर हे काम नकोच, कंपाउंड लगेच वाळतं.

दर चौकोनानंतर पॅड ब्रशने मोकळं केलं. ओरखडे गेले, पण गाडी उन्हात काढल्यावर होलोग्राम, म्हणजे पॅडच्या फिरण्याच्या चमकत्या खुणा, दिसले. वूलचा हा गुणच आहे. त्यावर मऊ फोम पॅड, बारीक पॉलिश, १००० आरपीएम, तीन-चार फेऱ्या. शेवटी पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. पॉलिशचं तेल उरलेले ओरखडे लपवतं.

नखाला लागणारे दोन ओरखडे तसेच ठेवले. घासून गेलेला क्लिअरकोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, परत येत नाही.