शेरूच्या सांधेदुखीचं औषध देताना

शेरू आमचा लॅब्रेडॉर, वजन 30 किलो, खुबे झिजलेले. त्याला डॉक्टरांनी मेलॉक्सिकॅम दिलंय. नेहमीचा हिशोब पहिल्या दिवशी किलोमागे 0.2 मिग्रॅ, पुढे दिवसातून एकदाच 0.1, म्हणजे शेरूला रोज 3 मिग्रॅ. तुमच्या कुत्र्याचा डोस मात्र डॉक्टरांकडूनच घ्या, तोही काट्यावर वजन करून.

सुरू करण्याआधी किडनी आणि लिव्हरची रक्ततपासणी हवी. औषध लांबलं तर तीच अधूनमधून पुन्हा. मी ते जेवणासोबत देते. शेरूनं ताटलीला तोंड लावलं नाही, तर त्या दिवशी औषध नाही आणि डॉक्टरांना फोन. उलटी, जुलाब, डांबरासारखी काळी शी, एकदम वाढलेली तहान, यांतलं काहीही दिसलं तरी तेच. राहिलेला डोस दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका.

खाजेसाठी प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) चालू असेल तर आधी सांगा; दोन्ही एकत्र दिली की पोटात अल्सर होऊन रक्तस्राव होऊ शकतो.

आणि घरातली कॉम्बिफ्लाम? अजिबात नाही. त्यातलं आयबुप्रोफेन कुत्र्याची किडनी निकामी करू शकतं. आपल्या दुखण्यावरचं डायक्लोफिनॅकही नको.

कुत्र्यांचं औषध बरेचदा चवदार असतं, म्हणून बाटली वरच्या कपाटात. जास्त पोटात गेलंच तर लक्षणांची वाट न बघता, बाटली घेऊन थेट दवाखाना गाठा.