फॉर्ममधला ‘ऑक्युपेशन’चा रकाना कसा भरायचा

केजला माझं फॉर्म भरायचं दुकान आहे. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, अंगठ्याचं मशीन, बाहेर बाकडं. नाव, पत्ता, आधार भराभर होतं. घोडं अडतं ते ‘ऑक्युपेशन’वर. २६ ऑगस्ट २०२१ ला ई-श्रम, म्हणजे असंघटित कामगारांच्या नोंदणीचं सरकारी पोर्टल, सुरू झालं तेव्हा तर दिवसभर हेच: १६ ते ५९ वयाचे कामगार रांगेत, आणि प्रत्येकाला ‘प्रायमरी ऑक्युपेशन’ म्हणजे मुख्य काम निवडायचं.

‘काय करता?’ असं विचारूच नका. ‘कारखान्यावर असतो’ असं उत्तर येतं. ती जागा झाली, काम नाही. कारखान्यावर वॉचमन असतो, वेल्डर असतो, साहेबही असतात. मी विचारतो, ‘सकाळपासून हातानं काय करता?’ मग खरं बाहेर येतं: ‘टँकर चालवतो, मळी वाहतो.’ झालं, ऑक्युपेशन ड्रायव्हर. साखर कारखाना हे ‘इंडस्ट्री’ या रकान्यात. ‘डेझिग्नेशन’ म्हणजे हुद्दा, ओळखपत्रावर छापलेला असतो तोच लिहायचा.

एम्प्लॉयर आणि एम्प्लॉयी यांत घोळ होतो. माझी खूण सोपी आहे: एम्प्लॉयी, म्हणजे ज्याच्या हातात पगार ‘येई’ तो. दुसरा उरला तो मालक. ‘सेल्फ-एम्प्लॉइड’ म्हणजे स्वतःच्या जिवावर धंदा करणारा, मग शिलाई मशीन एकच असलं तरी चालेल. काही सर्व्हेत ‘ओन अकाउंट वर्कर’ असं येतं. लोकांना ते बँकेचं खातं वाटतं, पण त्याचा अर्थ पगारी माणूस न ठेवता धंदा करणारा. कायमचा कारागीर पगारावर ठेवला की तोच माणूस ‘एम्प्लॉयर’ होतो.

यादीतले गट कुठून आले ते माहीत असलं की निवड सोपी जाते. सरकारचं व्यवसायांचं वर्गीकरण आहे, एनसीओ-२०१५. प्रत्येक कामाला आठ अंकी कोड, त्यातला पहिला अंक म्हणजे मोठा गट. २ मध्ये डॉक्टर, वकील, शिक्षक. ४ मध्ये कारकून. ६ मध्ये शेतकरी आणि मच्छीमार. ७ मध्ये गवंडी, शिंपी, वेल्डर. ८ मध्ये ड्रायव्हर आणि मशीन चालवणारे. ९ मध्ये बिगारी, शेतमजूर, सफाईवाले. आठही अंक पाठ करायच्या फंदात पडू नका, पहिला अंक बरोबर आला की निम्मं काम झालं.

या गटांची इंग्रजी नावं मात्र ओळखीची वाटतात आणि खड्ड्यात घालतात. आपल्याकडं ‘सर्व्हिसला आहे’ म्हणजे नोकरीला आहे. बँकेच्या फॉर्मवर ते चालतं, पण या यादीतले ‘सर्व्हिस वर्कर’ म्हणजे न्हावी, आचारी, वेटर. गट ८ चं नाव ‘प्लांट अँड मशीन ऑपरेटर’. एका नर्सरीतल्या माळीदादांना मी तिथं बसवलं होतं. प्लांट म्हणजे रोप, मला वाटलं जमलं! तो प्लांट कारखान्यातल्या यंत्रांचा. आणि ‘एलिमेंटरी’ म्हटलं की मला शाळेतली चित्रकलेची परीक्षा आठवायची. इथं ‘एलिमेंटरी ऑक्युपेशन’ म्हणजे गट ९, अंगमेहनतीची साधी कामं. बांधकामावर वीट रचणारा गवंडी ७ मध्ये, त्याला माल देणारा बिगारी ९ मध्ये. ‘स्किल्ड’ आणि ‘अनस्किल्ड’ हा फरक तिथं एका थापीचा असतो.

‘अदर्स’ कधी निवडू नका. लवकर सुटका होते खरी, पण माणसाचं काम कागदावरून पुसलं जातं.

आमच्या भागातला सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे कोयता. ऊसतोडीला जाणारी नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता, उचल म्हणजे आगाऊ पैसेही जोडीला मिळून. दसऱ्यानंतर एक जोडपं आलं, गाडी निघायच्या आत फॉर्म हवा होता. दोन एकर कोरडवाहू जमीनही आहे. मग शेतकरी की मजूर? मी महिने मोजतो. जनगणनेतही सहा महिन्यांचाच हिशेब असतो: वर्षातले सहा महिने किंवा जास्त काम असेल तर ‘मेन वर्कर’, कमी असेल तर ‘मार्जिनल’. ऊसतोड आणि परतल्यावरची दुसऱ्याच्या रानातली खुरपणी धरून मजुरीच जास्त भरली. म्हणून प्रायमरीत शेतमजूर, सेकंडरीत शेती.

बायकोची पाळी आली तर नवरा म्हणाला, ‘तिचं हाऊसवाईफ टाका.’

मी मावशींनाच विचारलं, हातानं काय करता? त्या सांगत गेल्या. पहाटे तीनला उठून भाकरी, मग फडात. ऊस तोडायचा, शेंड्याचं वाढं कापायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायच्या. नवरा खाली बघत होता.

कोड मी चिठ्ठीवर लिहून देतो, पुढच्या वेळी शोधायला नको. दोघांच्या चिठ्ठ्या ९२११ ने सुरू झालेल्या. मावशींना अक्षर येत नाही, आकडे येतात. दोन्ही चिठ्ठ्या शेजारी धरून म्हणाल्या, ‘दोन्हीवर एकच आकडा हाय की.’

नवऱ्यानं वीसची नोट काढून टेबलावर ठेवली. मावशींनी आपली चिठ्ठी वेगळी घडी करून पिशवीत टाकली.