४८६ ला कॉम्पॅक्ट फ्लॅशची डिस्क

माझ्या ४८६ ची, म्हणजे ४८६ प्रोसेसरच्या जुन्या पीसीची, हार्ड डिस्क मध्येच अडकायला लागली होती. दुसरी जुनी आयडीई (डिस्क जोडण्याची जुनी पद्धत) डिस्क घेण्यात अर्थ नव्हता, तीही तितकीच म्हातारी! म्हणून कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड (कॅमेऱ्यात वापरायचे तसलं मेमरी कार्ड) आणि ४० पिनांचा स्वस्त अडॅप्टर आणला. हे कार्ड मुळातच आयडीई पद्धतीने चालतं, त्यामुळे अडॅप्टरचं काम नुसत्या पिना जोडण्याचं.

खरी मेख बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना डिस्क ओळखणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये. डिस्कची मापं तो सिलिंडर, हेड आणि सेक्टर अशा आकड्यांत मोजतो; १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर यापुढे त्याची मजल नाही, म्हणजे जेमतेम ५०४ एमबी. कार्ड मोठं होतं, तरी हेच आकडे हाताने भरले. उरलेली जागा वाया गेली, जाऊ दे. डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमला ५०४ एमबी म्हणजे डोक्यावरून पाणी.

एफडिस्कने (डॉसचा डिस्कचे भाग पाडणारा प्रोग्राम) पार्टिशन करून ॲक्टिव्ह केलं, फॉरमॅट केलं, तरी बूट होईना. ‘एफडिस्क /एमबीआर’ ही डिस्कच्या सुरुवातीचा बूट कोड नव्याने लिहिणारी कमांड दिल्यावर मशीन झटक्यात सुरू झालं. अडॅप्टरवरचा जम्पर (पिना जोडणारी छोटी टोपी) अर्थातच मास्टरवर, म्हणजे पहिली डिस्क म्हणून.