रोशा लावायचाय? आखाजीपासूनची जमवाजमव

आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की रोशा या सुगंधी तेलाच्या गवताच्या रोपवाफ्यांचं आणि त्यात घालायच्या मायकोरायझा या मुळांवर राहणाऱ्या उपयोगी बुरशीचं बघायला घ्यायचं, पण त्याआधी मातीचा अहवाल हातात हवा. तापी-गिरणेच्या काठची काळी जमीन चुनखडीची असते, खारवट असते, चोपणही असते. बोलताना आपण सगळीलाच चोपण म्हणून मोकळे होतो. म्हणून सामू (पीएच), क्षारता, चुना, सोडियम आणि उपलब्ध स्फुरद (फॉस्फरस) एवढे आकडे प्रयोगशाळेकडून मागूनच घ्या. सामू ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य (मातीच्या कणांना धरून असलेला) सोडियम १५ टक्क्यांच्या पुढे, तर ती खरी चोपण. तिला चर, जिप्सम आणि धैंचाचं हिरवळीचं खत लागतं. ते काम बुरशी करत नाही. नुसती चुनखडी असेल तर जिप्समवर पैसा घालू नका.

बुरशीचं काम वेगळं. अशा जमिनीत स्फुरद असतो, पण चुन्याने धरून ठेवलेला, जस्ताचंही तेच. मायकोरायझाचे तंतू केशमुळांपेक्षा बारीक, त्यामुळे मूळ पोचत नाही तिथून ते अन्न ओढून आणतात आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात. झाडाला आयता स्फुरद मिळाला की मात्र ते या भागीदाराला दारात उभं करत नाही. तेव्हा वाफ्यात डीएपी, सुपर फॉस्फेट ही स्फुरदाची खतं बंद, आणि शेतातही अहवाल बघूनच.

पाकीट घेताना ते मायकोरायझाच आहे ना, हे वाचा. ट्रायकोडर्मा ही निराळी बुरशी, आणि दुकानात दोन्ही एकाच फळीवर असतात. तारीख बघा. वैशाखाच्या ४४ अंशांत पत्र्याच्या खोलीत नको, घरात रांजणाजवळच्या गारव्याला ठेवा. गूळपाण्यात भिजवून ती ‘वाढवायचा’ सल्ला कुणी देईलच. ऐकू नका, जिवंत मुळाशिवाय ती वाढतच नाही.

त्याच कारणाने ती मुळाला लागली पाहिजे. रोशाचं बी हलकं, ते बारीक वाळूत मिसळून ओळीत पेरा आणि ओळीखालीच मायकोरायझाचा पातळ थर द्या. शेतात वरून फेकण्यापेक्षा इथे मूठभर पुरते. एका वर्षी आम्ही सवयीने रोपांना कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक दिलं आणि त्याच दिवशी ही बुरशीही टाकली. पैसे मातीत गेले, अगदी खरोखरच!

जागा निवडताना आधीचं पीक आठवा. मोहरी-कोबीच्या मुळांवर ही बुरशी बसत नाही. ज्वारी, बाजरी, मक्याचा बेवड चांगला. पाऊस बसला, वापसा आला की महिना-सव्वा महिन्याची रोपं लावा. रोशा आपल्याला नवा नाही म्हणा: १९व्या शतकात खानदेशातलं याचं तेल मुंबईमार्गे तांबड्या समुद्राकडे जाई आणि पुढे तुर्कस्तानात गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरलं जाई.

एक वाफा मात्र बिनबुरशीचा ठेवा. त्याची रोपं दोन वेगळ्या ओळींत लावून काठी रोवा, आणि फुलोऱ्यावर कापणी येईल तेव्हा दोन्हींचं गवत वेगवेगळं तोला.