इंटेल की एएमडी? बेंचमार्कचा ग्राफ कसा वाचायचा आणि घरच्या घरी टेस्ट कशी घ्यायची

नवीन पीसी बांधायचा म्हटलं की पहिला प्रश्न हाच, इंटेल घेऊ की एएमडी. मग माणूस दोन प्रोसेसरची नावं टाकून सर्च करतो, समोर बेंचमार्कचा, म्हणजे वेग मोजणाऱ्या टेस्टचा, ग्राफ येतो, ज्याची पट्टी लांब तो भारी असं धरून ऑर्डर टाकून मोकळा होतो. मला खरंच वाटतं की पैसे चुकीच्या ठिकाणी जातात ते इथेच. आकडा खोटा असतो असं नाही हां, बहुतेक वेळा खराच असतो. पण तो मोजताना काय काय सारखं ठेवलं होतं आणि काय नव्हतं हे आपण बघितलेलंच नसतं, आणि तुलना खरी की नाही ते सगळं तिथेच ठरतं.

ऑक्टोबर २०१८ चं उदाहरण घ्या, कारण त्यात सगळे धडे एकाच ठिकाणी मिळतात. इंटेलने कोअर आय९-९९००के जाहीर केला आणि प्रिन्सिपल्ड टेक्नॉलॉजीज नावाच्या कंपनीला पैसे देऊन गेमच्या टेस्ट करून घेतल्या, समोर एएमडीचा रायझेन ७ २७००एक्स. दोन्ही ८ कोअरचे, म्हणजे आत काम करणारे भाग आठ-आठ. फरक एवढा मोठा दिसला की लोकांनी रिपोर्टमधली सेटिंग एकेक करून वाचायला घेतली, आणि त्यात सापडलं की २७००एक्सवर रायझेन मास्टर या एएमडीच्या सेटिंग सॉफ्टवेअरमधला 'गेम मोड' चालू केलेला होता. नाव ऐकून वाटतं गेमसाठीच असेल ना, चालू केलेला बरा. पण तो मोड मुळात थ्रेडरिपरसारख्या भरपूर कोअरच्या प्रोसेसरसाठी होता आणि २७००एक्सवर तो चालू केला की निम्मे कोअर बंद होतात. म्हणजे ८ कोअरचा प्रोसेसर ४ कोअर घेऊन शर्यतीत उतरला होता! गेमर्स नेक्सस या यूट्यूब चॅनेलचा स्टीव्ह बर्क कॅमेरा घेऊन थेट त्या कंपनीच्या ऑफिसात गेला आणि समोरासमोर प्रश्न विचारले, नंतर कंपनीने तो मोड बंद करून परत टेस्ट घेतल्या. फरक कमी झाला, तरी ९९००के पुढेच राहिला.

यातलं शेवटचं वाक्य परत वाचा. इंटेल तसाही जिंकणारच होता. म्हणजे 'कोण पुढे' याचं उत्तर बरोबर आणि 'किती पुढे' याचं उत्तर चुकीचं, आणि खरेदी करताना आपल्याला 'किती पुढे' हेच लागतं, कारण तेव्हा ९९००केची जाहीर किंमत ४८८ डॉलर होती आणि २७००एक्स आला होता ३२९ डॉलरला. आणखी एक, कंपनीने सेटिंग रिपोर्टमध्ये छापली होती म्हणूनच चूक सापडली. त्यामुळे माझा पहिला नियम हा की ज्या ग्राफखाली सेटिंग लिहिलेली नाही तो ग्राफ बाजूला ठेवायचा, मग तो कोणाचाही असो.

त्याच टेस्टमध्ये प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरचाही वाद होता. इंटेलवर नॉक्टुआचा मोठा टॉवर कूलर, एएमडीवर बॉक्समधून येणारा रेथ प्रिझम. आता हे अन्याय्य आहे का? माझं मत, प्रश्नावर अवलंबून आहे. ९९००केच्या बॉक्समध्ये कूलरच येत नव्हता, त्यामुळे 'दुकानातून आणलं तसं' हा प्रश्न असेल तर असा कूलर चालेल, पण मग त्याचे पैसे इंटेलच्या किंमतीत धरा. आणि 'कुठली चिप जास्त जोरात' हा प्रश्न असेल तर दोघांना एकच कूलर पाहिजे. दोन्ही तुलना बरोबर, फक्त एकीचं उत्तर दुसरीला चिकटवायचं नाही.

आता एएमडीवाल्यांनी लगेच खूश होऊ नका. जून २०२४ मध्ये एएमडीने रायझेन ९ ५९००एक्सटी आणि रायझेन ७ ५८००एक्सटी दाखवले आणि गेममध्ये ते इंटेलच्या १३व्या पिढीच्या आय७ आणि आय५ च्या बरोबरीने चालतात असा ग्राफ दिला. त्या टेस्टमध्ये ग्राफिक्स कार्ड होतं आरएक्स ६६००, म्हणजे साधं मधल्या रेंजचं. एक गाडी जोरात पळणारी, एक जरा हळू, पण पुढे एकच टोलनाका आणि मोठी रांग, तर नाक्यापलीकडे दोघी एकाच वेळेला पोचणार. इथे टोलनाका म्हणजे ग्राफिक्स कार्ड. कार्डच दमलेलं असेल तर मागचा प्रोसेसर कुठलाही असो, एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम दिसतात तो आकडा) सारखाच दिसतो. म्हणूनच चांगले टेस्टर मुद्दाम १०८०पी या कमी रिझोल्यूशनवर आणि बाजारातलं सगळ्यात ताकदवान कार्ड लावून मोजतात, म्हणजे अडथळा प्रोसेसरवरच येतो. लोक खाली कमेंटमध्ये विचारतात की एवढं महाग कार्ड घेऊन १०८०पी वर खेळतं कोण, तर कोणी खेळत नसेल कदाचित, पण प्रोसेसर मोजायचा तर रस्ता मोकळा करावाच लागतो. तुम्ही स्वतः ४के वर मधल्या रेंजच्या कार्डावर खेळणार असाल तर तुम्हाला तो फरक बहुतेक दिसणारच नाही, तेव्हा वाचलेला पैसा कार्डात घाला. आणि सरासरी एफपीएस बघून थांबू नका, '१% लो', म्हणजे सगळ्यात हळू १% फ्रेमचा आकडा, पण बघा, गेम अडखळतो की नाही ते तिथे कळतं.

पुढची गोष्ट वीज आणि वेळ. बॉक्सवर लिहिलेले वॅट आणि प्रत्यक्ष खाल्लेले वॅट वेगळे. कोअर आय५-१२४०० वर ६५ वॅट लिहिलंय पण टर्बोमध्ये, म्हणजे पूर्ण जोर लावताना, तो ११७ पर्यंत जाऊ शकतो, आय९-१३९००के वर १२५ आणि टर्बोला २५३, रायझेन ९ ७९५०एक्स वर १७० आणि सॉकेटला २३० पर्यंत. दोन्ही कंपन्या हा आकडा वेगवेगळ्या पद्धतीने काढतात, त्यामुळे ६५ समोर ६५ ठेवून तुलना करणं फोल आहे. वर मदरबोर्डवाले आपापल्या मर्जीने विजेची लिमिट उघडी ठेवतात. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीत क्रॅशचा प्रॉब्लेम निघाला, मग २०२४ मध्ये बोर्डांवर 'इंटेल डिफॉल्ट' सेटिंग आली आणि ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ हा मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचं अपडेट, त्यामुळे त्याआधीचे लिमिट उघडी ठेवून घेतलेले स्कोअर आज तुमच्या घरी येतीलच असं नाही. जुना रिव्ह्यू वाचताना तारीख बघा. विंडोजचंही तसंच. २०२४ मध्ये रायझेन ९००० आले आणि नंतर विंडोज ११ च्या अपडेटने त्यांचे गेममधले आकडे वाढले, पण आधीच्या ७००० सिरीजचेही वाढले. नव्याचा अपडेटनंतरचा आकडा आणि जुन्याचा अपडेटआधीचा आकडा शेजारी ठेवलात तर फसलात.

छोटी टेस्ट आणि लांब टेस्ट यातही फरक असतो, कारण पहिल्या अर्ध्या मिनिटात सगळेच शूर. सिनेबेंच आर२३ या प्रोसेसरच्या टेस्टमध्ये डिफॉल्ट १० मिनिटांचा रन दिलाय तो ह्यासाठीच, एकदा रन करून थांबू नका. आणि थंडाव्याचा परिणाम किती असतो बघायचं तर जून २०१८ चं तैपेईचं कॉम्प्युटर प्रदर्शन आठवा, इंटेलने २८ कोअरचा प्रोसेसर ५ गिगाहर्ट्झवर पळवून सिनेबेंच दाखवलं आणि नंतर कळलं की टेबलाखाली पाणी गार करणारा चिलर लावलेला होता. आपल्याकडे उलटं. रिव्ह्यूवाल्याची खोली एसीतली आणि तुमची मे महिन्यातली नागपूरची, तर तोच कूलर तुमच्याकडे तेवढं तापमान धरणार नाही. म्हणून स्कोअरसोबत खोलीचं तापमान लिहिलंय का तेही बघत जा.

स्कोअर कशाकशाचा बनलाय हेही विचारा. जुलै २०१९ मध्ये यूजरबेंचमार्क या तुलनेच्या वेबसाइटने प्रोसेसरच्या एकूण स्कोअरचं वजन बदललं, मल्टिकोअरचा वाटा १०% वरून २% आणि सिंगल कोअरचा ३०% वरून ४०%. चिप तीच, मोजणी तीच, पण जास्त कोअरवाले प्रोसेसर यादीत खाली गेले, आणि तेव्हा नेमके रायझेन ३००० नुकतेच आले होते. एका आकड्यात सगळं बसवलं की कोणीतरी आधीच ठरवलेलं असतं की तुम्ही पीसीवर काय करता. सॉफ्टवेअरही तटस्थ असतंच असं नाही. इंटेलचा कंपायलर (लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत बदलणारं सॉफ्टवेअर) प्रोसेसरला काय काय येतं एवढंच न बघता त्याचं नाव 'जेन्युइन इंटेल' आहे का तेही तपासायचा आणि नसेल तर हळू वाट पकडायचा. २०१० मध्ये अमेरिकेच्या एफटीसी या व्यापार आयोगाशी झालेल्या तडजोडीत हे डेव्हलपर लोकांना स्पष्ट सांगायचं बंधन इंटेलवर आलं.

आता घरची टेस्ट. माझ्याकडे रायझेन ५ ५६०० आणि आतेभावाकडे आय५-१२४००, दोघांकडे ३२०० ची डीडीआर४ रॅम, तेवढीच, दिवाळीत एकत्र आलो तेव्हा बसलो टेस्ट करत. त्याचा पीसी सेव्हन-झिप या फाइल झिप करणाऱ्या प्रोग्रॅमच्या टेस्टमध्ये इतका मागे पडला की मला पटेना. टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्स, मेमरी, उजवीकडे खाली स्पीड २१३३. रॅमवर ३२०० चं स्टिकर आणि चालतेय २१३३ वर, कारण बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला स्टिकरवरच्या स्पीडला चालवणारी सेटिंग, चालूच केलेलं नव्हतं, आणि दोन्ही स्टिक शेजारशेजारच्या स्लॉटमध्ये असल्याने ड्युअल चॅनलही (दोन्ही स्टिक वेगवेगळ्या वाटांनी एकाच वेळी चालणं) नव्हतं. स्टिक दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावल्या, एक्सएमपी चालू केलं, परत टेस्ट, आणि मघाचं मोठं अंतर गेलं ते गेलंच. तो पीसी त्याने तसाच वर्षभर वापरला होता याचं मला खूप वाईट वाटलं. तेव्हा सगळ्यात आधी रॅमचा स्पीड बघा, मग बाकीचं.

दोन्ही मशीनवर विंडोजची एकच व्हर्जन, बायोस आणि चिपसेट ड्रायव्हर अपडेट, पॉवर प्लॅन सारखा, मागे चालणारे अँटिव्हायरस स्कॅन आणि क्लाउड सिंक थांबवलेले. शक्य असेल तर ग्राफिक्स कार्ड एकच ठेवा, काढून दुसऱ्यात लावा, कंटाळा येतो पण गेम टेस्टला पर्याय नाही. एचडब्ल्यूइन्फो हे सेन्सर वाचणारं सॉफ्टवेअर चालू ठेवून वॅट, तापमान आणि क्लॉक नोंदवत राहा, म्हणजे स्कोअर पडला तर तो गरम होऊन पडला की लिमिट लागून, ते कळेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमचं स्वतःचं काम टेस्ट म्हणून घ्या. लग्नाचे व्हिडिओ एडिट करता ना, मग एकच प्रोजेक्ट दोन्हीवर एक्सपोर्ट करा आणि घड्याळ लावा. पण इथे एक खाच आहे, १२४०० मध्ये इंटेलचं क्विक सिंक (व्हिडिओ एन्कोड करणारा ग्राफिक्समधला खास भाग) आहे आणि ५६०० मध्ये ग्राफिक्सच नाही, त्यामुळे हार्डवेअर एन्कोडिंग चालू असेल तर तुम्ही कोअर मोजतच नाही आहात. प्रत्यक्षात ते वापरणार असाल तर चालू ठेवा, तो फायदा खराच आहे, फक्त तसं लिहून ठेवा.

प्रत्येक टेस्ट ४ वेळा घ्या, पहिली सोडून द्या कारण तेव्हा फाइल कॅशमध्ये, म्हणजे झटपट वाचायच्या जागी, नसतात, उरलेल्या ३ पैकी मधला आकडा धरा. त्या तीनांतच आपापसात ३% फरक येत असेल तर दोन प्रोसेसरमधला ३% फरक फरक म्हणून धरायचाच नाही. टक्केवारी काढतानाही सांभाळा. १५ मिनिटांचा रेंडर १० मिनिटांत झाला तर वेळ ३३% वाचली आणि वेग ५०% वाढला, दोन्ही खरं, आणि जाहिरातीत कुठला आकडा छापतात ते तुम्हाला माहीतच आहे. ग्राफची पट्टी शून्यापासून सुरू होते का तेही एकदा बघा.

मग शेवटी पैशाचा हिशोब. एकट्या प्रोसेसरचा नाही, प्रोसेसर, बोर्ड, रॅम आणि कूलर चारही मिळून दोन्ही बाजूंचं कोटेशन एकाच दिवशी, एकाच दुकानातून घ्या, कारण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला भाव आठवड्यात बदलतात. तुमच्या कामात दोघांत ५% पेक्षा कमी फरक निघाला असेल तर स्वस्त पडतो तो सेट उचला आणि उरलेल्यात एसएसडी एक साइज मोठी घ्या.